प्रज्वलनकाल (जुन्या मोटारींचे इंजिन)

पेट्रोल इंजिनात प्लगची ठिणगी दट्ट्याच्या कोणत्या स्थितीत पडावी, हे ठरविणाऱ्या जुळणीस प्रज्वलनकाल किंवा इग्निशन टायमिंग असे म्हणतात. गॅरेजांमध्ये तिचा उल्लेख नुसता ‘टायमिंग’ असा होतो. नावात ‘काल’ असला तरी हे मोजमाप सेकंदांत नसून क्रँकशाफ्टच्या फिरण्याच्या कोनात, म्हणजे अंशांत केले जाते. दट्ट्या सिलिंडरात सर्वांत वरच्या टोकाला पोचतो त्या स्थितीस टीडीसी म्हणतात. ठिणगी बहुधा त्या स्थितीच्या काही अंश आधी पडते आणि या आगाऊ अंतरास ॲडव्हान्स अशी संज्ञा आहे. ठिणगी अधिक लवकर पाडणे म्हणजे टायमिंग पुढे घेणे आणि उशिरा पाडणे म्हणजे मागे घेणे.

इंजिनावरील भार कमी असताना ठिणगी आणखी लवकर पाडणारी जी स्वयंचलित योजना जुन्या मोटारींत असते, तिला व्हॅक्यूम ॲडव्हान्स म्हणतात. संगणकनियंत्रित प्रज्वलन येण्यापूर्वीच्या मोटारींत ही सर्व कामे डिस्ट्रिब्युटर या एकाच यांत्रिक भागाकडे होती. भारतातील अनेक मेकॅनिक या भागाला डेल्को या अमेरिकी कंपनीच्या नावावरून ‘डेल्को’ असेच म्हणतात. प्रस्तुत लेखात उदाहरण म्हणून मुख्यतः एमजीबी या ब्रिटिश मोटारीचे इंजिन घेतले आहे. ही मोटार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार होत असे. तिचे १७९८ घन सेंटिमीटरचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या बी-मालिकेतील असून त्याच मालिकेतील १४८९ घन सेंटिमीटरचे इंजिन भारतात हिंदुस्थान ॲम्बॅसडरला होते.

ठिणगी आधी का पाडावी लागते

सिलिंडरातील हवा व पेट्रोल यांच्या मिश्रणाचा ‘स्फोट’ होतो, असे शालेय पुस्तकांत वाचावयास मिळते. हे वर्णन सोयीचे असले तरी अचूक नाही. व्यवस्थित चालणाऱ्या इंजिनात मिश्रण फुटत नाही, ते जळते. ठिणगीपाशी ज्वाला निर्माण होते, ती चोहोबाजूंना पसरत जाते आणि या पसरण्याला एका सेकंदाचे दोन-तीन हजारांश एवढा वेळ लागतो. हा वेळ अत्यल्प वाटतो. परंतु इंजिनाच्या दृष्टीने तो मोठा असतो.

मिनिटाला ३००० फेऱ्या घेणारा क्रँकशाफ्ट सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणजे १८,००० अंश फिरतो. एका मिलिसेकंदात तो १८ अंश पुढे जातो. ज्वलनाला २ मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात क्रँकशाफ्ट ३६ अंश फिरलेला असतो. दट्ट्यावर जास्तीत जास्त उपयुक्त जोर पडावयाचा, तर सिलिंडरातील दाब टीडीसी ओलांडल्यावर सुमारे १५ अंशांवर कळसाला पोचावा लागतो. ठिणगी टीडीसीलाच पाडली, तर दाब वाढेपर्यंत दट्ट्या बराच खाली गेलेला असेल आणि उष्णतेचा मोठा भाग काम न करता एक्झॉस्टमधून निघून जाईल. उलट ठिणगी फार लवकर पडली, तर वर येणाऱ्या दट्ट्यालाच जळता वायू खाली रेटू लागतो. या दोन टोकांमधील योग्य जागा शोधणे म्हणजे टायमिंग लावणे होय.

ही जागा एकच असती, तर ती एकदा ठरवून डिस्ट्रिब्युटर कायमचा आवळून टाकता आला असता. ती दोन कारणांनी सरकत राहते. पहिले कारण वेग. फेऱ्या वाढल्या की तेवढ्याच वेळात क्रँकशाफ्ट अधिक अंश फिरतो, म्हणून ठिणगी अधिक आधी हवी. मात्र वेग वाढतो तशी सिलिंडरातील खळबळही वाढते आणि ज्वाला जलद पसरते. त्यामुळे ॲडव्हान्सची गरज वेगाच्या प्रमाणात अखंड वाढत नाही. बहुतेक जुन्या इंजिनांत मध्यम वेगापर्यंत ती वाढून नंतर जवळपास स्थिर राहते. दुसरे कारण भार, आणि त्याकडेच अधिक दुर्लक्ष होते.

हाताने चालविण्याचा काळ

सुरुवातीच्या मोटारींत हे काम चालक स्वतः करीत असे. १९०८ ते १९२७ या काळात तयार झालेल्या फोर्ड मॉडेल टी या गाडीत स्टिअरिंगच्या चाकाखाली दोन दांडे असत; डावा ठिणगीचा आणि उजवा थ्रॉटलचा. गाडी हँडल मारून चालू करावयाची असल्याने त्या वेळी ठिणगीचा दांडा मागे घेणे अत्यावश्यक असे. तो पुढे राहिल्यास दट्ट्या वर पोचण्याआधीच मिश्रण पेटे, इंजिन उलटा झटका देई आणि हँडल धरणाऱ्याचे मनगट किंवा हात मोडे. टायमिंगमधील चूक त्या काळी अशी थेट हाडांवर बेतत असे. गाडी चालू लागल्यावर चालक कानाने अंदाज घेत दांडा हळूहळू पुढे करी आणि चढ लागला की पुन्हा मागे घेई. पुढे डिस्ट्रिब्युटरमधील यंत्रणांनी नेमके हेच केले. वेग पाहून दांडा पुढे करणारा हात फिरत्या वजनांचा झाला आणि चढ पाहून मागे घेणारा हात व्हॅक्यूमचा झाला.

डिस्ट्रिब्युटरमधील तीन हिस्से

एखाद्या क्षणी ठिणगी किती अंश आधी पडते, हे तीन हिस्स्यांच्या बेरजेवर अवलंबून असते. पहिला हिस्सा स्थिर किंवा मूळ टायमिंगचा. डिस्ट्रिब्युटरचे धड इंजिनावर ज्या कोनात आवळले आहे, त्यावरून तो ठरतो.

दुसरा हिस्सा केंद्रोत्सारी ॲडव्हान्सचा. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात दोन लहान वजने दोन स्प्रिंगांनी बांधलेली असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि पॉइंट उघडणाऱ्या कॅमला फिरण्याच्या दिशेने थोडे पुढे ढकलतात. दोन स्प्रिंगांपैकी एक अनेकदा नाजूक व दुसरी जाड आणि किंचित सैल असते. सुरुवातीला एकटी नाजूक स्प्रिंग ताणली जाते, म्हणून ॲडव्हान्स झपाट्याने वाढतो. जाड स्प्रिंग ताणास आली की वाढ मंदावते. वर सांगितलेल्या ज्वालेच्या स्वभावाशी हा मेळ जाणीवपूर्वक घातलेला आहे.

तिसरा हिस्सा व्हॅक्यूम ॲडव्हान्सचा. डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला पत्र्याची एक चपटी डबी दिसते. तिच्यात लवचीक पडदा, एक स्प्रिंग आणि पडद्याला जोडलेली दांडी असते. डबीतून निघणारी बारीक नळी कार्ब्युरेटरला किंवा इनलेट मॅनिफोल्डला जोडलेली असते. नळीतून ओढ लागली की पडदा दांडीला ओढतो, दांडी पॉइंटची तबकडी रोटरच्या उलट दिशेने फिरविते आणि पॉइंट लवकर उघडतात.

येथे एक हिशेब नीट लक्षात ठेवावा लागतो. डिस्ट्रिब्युटर क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो. म्हणून डिस्ट्रिब्युटरचा १ अंश म्हणजे क्रँकशाफ्टचे २ अंश. काही तक्त्यांत आकडे डिस्ट्रिब्युटरचे असतात, काहींत क्रँकशाफ्टचे. हे न पाहता दोन आकड्यांची बेरीज करणे ही नवशिक्यांची नेहमीची चूक आहे.

व्हॅक्यूम म्हणजे भाराचे माप

‘व्हॅक्यूम’ किंवा ‘निर्वात’ हा शब्द येथे सैल अर्थाने वापरला जातो. मॅनिफोल्डमध्ये खरी पोकळी नसते. बाहेरच्या हवेपेक्षा दाब कमी असतो इतकेच. समुद्रसपाटीला हवेचा दाब पाऱ्याच्या सुमारे ३० इंचांएवढा असतो. थ्रॉटल जवळपास बंद असताना दट्टे हवा ओढू पाहतात, वाट मात्र अडलेली असते. त्यामुळे मॅनिफोल्डमधील दाब उतरतो आणि निरोगी इंजिनात आयडलिंगला मापक सुमारे १७ ते २१ इंच व्हॅक्यूम दाखवितो. थ्रॉटल पूर्ण उघडला की वाट मोकळी होते, सिलिंडर हवेने भरतात आणि व्हॅक्यूम जवळपास शून्यावर येतो. इंजिनावर किती भार आहे, हे सांगणारे याहून सोपे साधन जुन्या मोटारीत दुसरे नव्हते.

भार कमी असताना अधिक ॲडव्हान्स का लागतो, याचे उत्तर मिश्रणाच्या दाटीत आहे. सपाट रस्त्यावर ताशी ६०–७० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीचा थ्रॉटल थोडासाच उघडा असतो. सिलिंडरात मिश्रण कमी भरते आणि मागच्या फेरीतील जळका वायू त्या मानाने जास्त प्रमाणात उरलेला असतो. अशा विरळ व भेसळयुक्त मिश्रणात ज्वाला संथ पसरते. तिला पुरेसा वेळ द्यावयाचा, तर ठिणगी बरीच आधी पाडणे भाग असते. पूर्ण भाराला ३० अंश पुरणाऱ्या इंजिनाला अशा वेळी ४५ ते ५० अंशही मानवतात. तोच आकडा पूर्ण उघड्या थ्रॉटलवर लावला, तर इंजिनाची नासाडी होईल. चालकाने ॲक्सिलरेटर दाबताच व्हॅक्यूम नाहीसा होतो, स्प्रिंग पडद्याला मागे ढकलते आणि जास्तीचे अंश क्षणात काढून घेतले जातात, ही या साध्या डबीची करामत आहे.

लुकास कंपनीच्या डिस्ट्रिब्युटरवरील डबीवर तीन आकडे कोरलेले आढळतात, उदाहरणार्थ ५-१३-१०. पडदा पाऱ्याच्या ५ इंच व्हॅक्यूमला हलू लागतो, १३ इंचांना त्याची हालचाल संपते आणि तोवर त्याने डिस्ट्रिब्युटरचे १० अंश, म्हणजे क्रँकशाफ्टचे २० अंश दिलेले असतात, असा त्यांचा अर्थ. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन डब्यांत हे आकडे वेगळे असू शकतात. म्हणून जुन्या बाजारातून ‘बसते म्हणून’ आणलेली डबी लावण्यापूर्वी आकडे वाचणे आवश्यक ठरते.

व्हॅक्यूम ॲडव्हान्समुळे इंजिनाची कमाल शक्ती वाढत नाही, कारण कमाल शक्तीच्या वेळी तो कामच करीत नाही. सदैव पूर्ण थ्रॉटलवर धावणाऱ्या शर्यतीच्या गाड्यांत तो याच कारणाने वगळला जातो. त्या गाड्या पाहून रस्त्यावरच्या गाडीचीही नळी काढून टोक बंद करण्याची प्रथा हौशी मंडळींत आढळते. ही प्रथा चुकीची आहे. रस्त्यावरच्या गाडीचे बहुतांश आयुष्य अर्धवट उघड्या थ्रॉटलवर जाते. तेथे २० अंश कमी मिळाले, तर मिश्रण उशिरा जळत राहते, पेट्रोल अधिक लागते आणि वाया गेलेली उष्णता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, मॅनिफोल्ड आणि रेडिएटर यांच्या वाट्याला येते. गाडी चालते, वेगही घेते. त्यामुळे दोष लक्षात येत नाही आणि ‘ही गाडी पहिल्यापासून गरमच होते’ अशी समजूत रूढ होते.

नळीचा जोड

नळी कोठे जोडावी, हा जुन्या मोटारींच्या जगातील न संपणारा वाद आहे. एक जागा थेट इनलेट मॅनिफोल्डवर. तेथे आयडलिंगलाही पूर्ण व्हॅक्यूम मिळतो. दुसरी जागा कार्ब्युरेटरवर, थ्रॉटलच्या बंद पाकळीच्या किंचित बाहेरच्या बाजूस असलेले बारीक छिद्र. आयडलिंगला हे छिद्र पाकळीच्या हवेकडील बाजूस राहत असल्याने तेथे ओढ नसते. पाकळी जराशी उघडताच छिद्र मॅनिफोल्डच्या बाजूला येते आणि मग दोन्ही जागी जवळपास सारखाच व्हॅक्यूम मिळतो. कार्ब्युरेटरवरील छिद्राचा व्हॅक्यूम वेगाबरोबर वाढत जातो, अशी समजूत पसरलेली आहे, ती खरी नाही. फरक आहे तो आयडलिंगपुरताच.

हे छिद्र केवळ धूरनियंत्रणासाठी आणलेली क्लृप्ती होती, असेही अनेकदा लिहिले जाते. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकी उत्पादकांनी आयडलिंगचे टायमिंग मुद्दाम मागे ठेवून एक्झॉस्ट तापविला आणि न जळलेले पेट्रोल तेथे जाळले, हे खरे आहे. तथापि १९६२च्या एमजीबीत कोणत्याही धूरनियंत्रणाशिवाय नळी एसयू कार्ब्युरेटरलाच जोडलेली होती. तेव्हा हा जोड धूरनियंत्रणापूर्वीचा आहे, यात शंका नाही. आयडलिंगला स्थिर टायमिंग मिळावे आणि ते तपासणे सोपे जावे, हा त्याचा साधा फायदा होता.

व्यवहारात निर्मात्याने जेथे जोड दिला आहे तेथेच तो ठेवणे इष्ट. मॅनिफोल्डवर जोड घ्यावयाचाच असेल, तर डबीची हालचाल आयडलिंगच्या व्हॅक्यूमपेक्षा एक-दोन इंच आधीच पूर्ण होते ना, हे पाहावे लागते. तीव्र कॅमशाफ्ट बसविलेल्या इंजिनात आयडलिंगला ८–१० इंचच व्हॅक्यूम असतो. तेथे १३ इंच मागणारी डबी अर्ध्यावर थरथरत राहते आणि तिच्याबरोबर इंजिनाचा वेगही खालीवर होतो.

जुळणीची पद्धत

टायमिंगला हात लावण्यापूर्वी पॉइंट पाहावे लागतात, हा क्रम बदलत नाही. पॉइंटमधील फट वाढली की ते लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जाते. कॅमवर घासणारी टाच झिजून फट कमी झाली की ते मागे पडते. आधी टायमिंग लावून मग पॉइंटची फट बदलली, तर आधीचे सर्व काम वाया जाते. एमजीबीच्या लुकास २५डी४ डिस्ट्रिब्युटरमध्ये ही फट ०.०१४ ते ०.०१६ इंच, म्हणजे सुमारे ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवतात. ती फिलर गेजने, टाच कॅमच्या उंचवट्यावर असताना मोजतात. जुन्या पॉइंटच्या एका बाजूस टेंगूळ व दुसऱ्या बाजूस खळगा झालेला असेल, तर गेज फसवते. अशा वेळी पॉइंट घासून साफ करावेत किंवा बदलावेत.

त्यानंतर स्थिर टायमिंग. बी-मालिकेच्या इंजिनात पहिला सिलिंडर रेडिएटरच्या बाजूचा असून ठिणगीचा क्रम १-३-४-२ असा आहे. क्रँकशाफ्टच्या पुलीवर एक खाच असते आणि टायमिंग चेनच्या झाकणावर दर्शक टोके असतात. सुरुवातीच्या एमजीबीत त्यांपैकी लांब टोक टीडीसीचे, उरलेली ५ व १० अंशांची आहेत. खाच खडूने किंवा पांढऱ्या रंगाने ठळक करून घेतात. प्लग काढून, गाडी वरच्या गिअरमध्ये ठेवून ती हळूहळू पुढे ढकलली की क्रँकशाफ्ट योग्य दिशेने फिरतो. खाच हव्या त्या टोकाच्या पुढे गेली, तर नुसती तेवढीच मागे आणू नये. बरेच मागे जाऊन पुन्हा पुढे यावे, म्हणजे चेनमधील ढिलाई मोजमापात शिरत नाही. रोटरचे तोंड टोपीतील पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे असल्याची खात्री करणे आवश्यक असते. ते चौथ्याकडे असल्यास क्रँकशाफ्ट एक पूर्ण फेरी पुढे न्यावा लागतो.

आता १२ व्होल्टच्या लहान बल्बची एक वायर डिस्ट्रिब्युटरच्या बाजूच्या टर्मिनलला व दुसरी इंजिनाच्या धातूला जोडून चावी फिरवितात. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला राहतो आणि उघडताच पेटतो. डिस्ट्रिब्युटर ढिला करून तो फिरवीत, बल्ब नेमका पेटतो त्या जागी आवळला की स्थिर टायमिंग लागले. या इंजिनात रोटर वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो, म्हणून धड घड्याळाच्या दिशेने फिरविल्यास टायमिंग पुढे जाते. २५डी४ला बारीक जुळणीसाठी एक खाचेदार गोल नटही आहे. त्याच्या पट्टीवरील एक खूण सुमारे ५ अंशांची असून तेवढे सरकण्यास नटाच्या ५५ ‘कट्’ आवाजांएवढे फिरवावे लागते. म्हणजे ११ आवाजांस १ अंश. पुढील काळातील डिस्ट्रिब्युटरांत ही सोय काढून टाकण्यात आली.

सुरुवातीच्या एमजीबीसाठी स्थिर टायमिंग टीडीसीपूर्वी १० अंश आणि चालू इंजिनावर, मिनिटाला ६०० फेऱ्यांना, १४ अंश असे दिलेले आहे. हे ४ अंश आले कोठून, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. ६०० फेऱ्यांनाच फिरती वजने थोडी हलू लागलेली असतात, हे त्याचे उत्तर.

चालू इंजिनाचे टायमिंग टायमिंग लाइटने पाहतात. तिची चिमटी पहिल्या प्लगच्या वायरीला लावली की प्रत्येक ठिणगीबरोबर दिवा लखलखतो आणि फिरती खाच एका जागी थांबल्यासारखी दिसते. या वेळी व्हॅक्यूमची नळी डिस्ट्रिब्युटरकडून काढून तिचे तोंड बंद करणे आवश्यक असते. अन्यथा तिसरा हिस्सा पहिल्यात मिसळून वाचन खोटे ठरते. या प्रकाशात पंख्याची पातीही स्थिर किंवा संथ फिरणारी दिसू शकतात आणि तेथे नकळत हात जाऊन गंभीर इजा होऊ शकते. सैल कपडे व वायरी दूर ठेवाव्यात. काम मोकळ्या हवेत करावे, बंद खोलीत नव्हे.

आयडलिंगचा आकडा जुळला म्हणजे काम संपले, असे मानणे धोक्याचे आहे. चाळीस-पन्नास वर्षांत स्प्रिंगा सैल होतात, वजनांच्या खुंट्या झिजतात. मग आयडलिंगला अचूक दिसणारे टायमिंग वेगात प्रमाणाबाहेर पुढे जाते. म्हणून नळी बंदच ठेवून वेग हळूहळू ३५०० फेऱ्यांपर्यंत नेतात आणि ॲडव्हान्स किती वाढतो व कोठे थांबतो ते पाहतात. अशा चार सिलिंडरी इंजिनांना पूर्ण भारासाठी बहुधा ३० ते ३५ अंशांच्या दरम्यानचा एकूण आकडा मानवतो. दोन्ही टोके एकाच वेळी जुळत नसतील, तर वेगातील कमाल आकडा सुरक्षित ठेवावा आणि आयडलिंगला तडजोड करावी. दट्ट्याला भोक पडते ते आयडलिंगला नव्हे, भाराखालीच.

शेवटी नळी पुन्हा जोडून डबी तपासतात. नळीच्या टोकाने तोंडाने हवा ओढली की तबकडी फिरली पाहिजे आणि टोक जिभेने बंद ठेवले, तर ती तशीच थांबली पाहिजे. ती परत आली, तर पडदा फाटलेला आहे. फाटक्या पडद्यातून इंजिनात जास्तीची हवा शिरते, त्यामुळे मिश्रण पातळ होते आणि दुहेरी नुकसान होते. पडदा शाबूत असूनही तबकडी हलत नसेल, तर ती वाळलेल्या वंगणाने जाम झालेली असते. वर्षानुवर्षे न उघडलेल्या डिस्ट्रिब्युटरमध्ये हे सर्रास आढळते. तबकडीला जोडलेली बारीक वायर सततच्या हालचालीने आतून तुटून इंजिन मधूनमधून बंद पडते, हाही याच जागेचा एक फसवा दोष आहे.

नॉकिंग आणि दोषाचा माग

टायमिंग फार पुढे गेल्यास ज्वाला पोचण्यापूर्वीच सिलिंडराच्या टोकाचे उरलेले मिश्रण दाब व उष्णता यांमुळे एकाएकी पेटते. हाच खरा स्फोट. बाहेर तो डब्यात खडे हलविल्यासारखा खडखड आवाज करतो. त्यास नॉकिंग म्हणतात. अधूनमधून हलके ऐकू येणारे नॉकिंग इंजिन सहन करते. सतत चालू राहिल्यास दट्ट्याच्या कडा, रिंगांमधील पट्टे आणि हेड गॅस्केट यांचा बळी जातो. वेगात वाऱ्याच्या व एक्झॉस्टच्या आवाजात ते ऐकूच येत नाही, हे अधिक घातक.

नॉकिंग केव्हा होते, यावरून तीनपैकी कोणता हिस्सा चुकला हे ओळखता येते. कमी वेगात, वरच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून चढ चढताना आवाज आला, तर दोष मूळ टायमिंगचा. त्या क्षणी व्हॅक्यूम नसतोच, म्हणून डबीला बोल लावण्यात अर्थ नाही. पूर्ण थ्रॉटलवर मध्यम वेगाला आवाज आला, तर फिरत्या वजनांच्या स्प्रिंगा ढिल्या असण्याचा संभव अधिक. सपाट रस्त्यावर स्थिर वेगात जाताना किंवा ॲक्सिलरेटर किंचित दाबताच आवाज आला, तर व्हॅक्यूम ॲडव्हान्स प्रमाणाबाहेर आहे. नळी तात्पुरती काढून बंद केल्यावर आवाज थांबला, तर निदान पक्के. तेव्हा नळी कायमची काढून न टाकता कमी अंशांची डबी लावणे हा उपाय आहे.

टायमिंग मागे पडल्याची लक्षणे इतकी बोलकी नसतात. गाडी जड वाटते, पेट्रोल अधिक लागते, रेडिएटर तापतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड अंधारात लालसर दिसू लागतो. टायमिंग मागे घेणे सुरक्षित, पुढे घेणे धोक्याचे, हा सरधोपट समज म्हणूनच अर्धवट आहे. मागे घेतलेले टायमिंग दट्टा वाचविते, पण व्हॉल्व्ह जाळू शकते.

भारतातील गाड्या आणि बदललेले पेट्रोल

पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणारी ॲम्बॅसडर आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणारी, फिएट ११००वर आधारलेली प्रीमियर पद्मिनी या दोन गाड्यांवर भारतीय मेकॅनिकांच्या काही पिढ्या टायमिंग लावण्यास शिकल्या. दिवा नसला तरी कानावर आणि रस्त्यावरच्या चाचणीवर ते भागवीत. डिस्ट्रिब्युटर थोडा पुढे फिरवून चढावर गाडी न्यावयाची, खडखड ऐकू आली की किंचित मागे घ्यावयाचे, ही त्यांची रीत. या रीतीने मूळ टायमिंग ठीक लागते. डबी मृत असली तरी चढावर ते कळत नाही, ही तिची मर्यादा.

छापील आकडे ज्या पेट्रोलसाठी होते ते आता मिळत नाही, ही गोष्टही विसरता येत नाही. नॉकिंग रोखण्यासाठी पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०००पासून बंद झाली. अलीकडे २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र आले आहे. इथेनॉल नॉकिंगला चांगला विरोध करते. परंतु त्यातील ऑक्सिजनमुळे न बदललेल्या कार्ब्युरेटरचे मिश्रण पातळ होते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे त्याच्या संपर्काने फुगतात किंवा तडकतात. म्हणून अशा गाडीत पुस्तिकेतील आकडा प्रारंभबिंदू मानून, मिश्रण आधी तपासून, मग एकेक अंशाने टायमिंग ठरवितात.

पॉइंटांऐवजी चुंबकीय संवेदक वापरणारे इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन १९७०च्या दशकात अमेरिकी गाड्यांत सर्रास आले. त्यात वजने व डबी तशीच राहिली. टाच झिजून टायमिंग मागे पडण्याचा प्रश्न तेवढा संपला. पुढे इंजिन-नियंत्रक संगणक आले आणि मॅनिफोल्डमधील दाब मोजण्याचे काम पडद्याकडून विद्युत संवेदकाकडे गेले. नॉकिंग ऐकणारा स्वतंत्र संवेदक इंजिनाच्या ब्लॉकवर बसविलेला असतो आणि आवाज येताच संगणक त्या क्षणापुरती ठिणगी काही अंश मागे घेतो.